लपविलेल्या कामाचा शोध

बेकारांना व निराधारांना राज्याच्या तिजोरीतून ठरावीक मुदतीने पैसे द्यावयाचे असे एकदा ठरले, की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न अटळपणे येतो. भत्ता घेणारी व्यक्ती खरोखरच बेकार आहे, की कोठे तरी काम करून ती आपली मिळकत लपवीत आहे, हे ओळखावयाचे कसे? हा प्रश्न क्षुल्लक नाही. भत्त्याचा पैसा कर भरणाऱ्यांच्या आणि विम्याची वर्गणी देणाऱ्यांच्या खिशातून येतो. त्याचा सर्रास गैरवापर होतो अशी समजूत पसरली तर साऱ्या योजनेवरचा विश्वास उडतो, आणि त्याचा फटका शेवटी खऱ्या गरजूंनाच बसतो. उलटपक्षी, शोध घेण्याची रीतच सदोष असली तर ज्याने काहीही लपविलेले नाही अशा माणसावर लबाडीचा शिक्का बसतो. ज्याच्या घरी भत्ता हाच एकमेव आधार, त्याच्यापाशी तो शिक्का पुसून काढण्याचे साधन क्वचितच असते.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या देशांत या प्रश्नाशी अनेक दशके झुंज चालू आहे. नोंदवही, शेजाऱ्यांची कुजबूज, तपासनिसाची पाळत आणि अखेर संगणक, अशी निरनिराळी साधने तेथे वापरून पाहण्यात आली. या साधनांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक साधन फार तर एखादी विसंगती दाखवू शकते. ती विसंगती म्हणजेच लबाडी असे मात्र कोणतेही साधन आपण होऊन सिद्ध करू शकत नाही.

काम करणे हा गुन्हा नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. भत्ता घेत असताना काम करणे हे या देशांत सर्वसाधारणपणे निषिद्ध नाही. अपेक्षा इतकीच असते, की केलेले काम आणि त्याची मिळकत संबंधित कार्यालयाला कळवावी, म्हणजे भत्त्यात योग्य ती कपात करता येईल. ब्रिटनमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या, काम शोधणाऱ्यांसाठी असलेल्या भत्त्याचे उदाहरण घेता येईल. उत्पन्नावर आधारलेला हा भत्ता घेणाऱ्या एकट्या व्यक्तीने आठवड्यास पाच पौंडांपर्यंत मिळविले तर त्याकडे दुर्लक्ष केले जाई. त्यापुढे मात्र मिळविलेल्या प्रत्येक पौंडामागे भत्त्यातील एक पौंड कापला जाई, आणि आठवड्यास सोळा तास किंवा अधिक काम केले तर या भत्त्याचा हक्कच संपे. पाच पौंडांच्या पुढचे काम अशा तऱ्हेने जवळजवळ फुकटच होत असे. शिवाय काम चार आठवड्यांत संपले तर भत्ता पुन्हा सुरू होईपर्यंतच्या दिवसांत घरभाडे व अन्न यांची सोय कशी करावयाची, ही चिंता वेगळीच. लोक मिळकत लपवितात ती नेहमी हावेपोटीच लपवितात असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

न कळविणे आणि लपविणे या दोहोंतही अंतर आहे. ब्रिटनचे सामाजिक सुरक्षा खाते दरवर्षी काही प्रकरणे नमुन्यादाखल निवडून तपासते आणि त्यांवरून जादा दिल्या गेलेल्या रकमांचा अंदाज बांधते. तो अंदाज तीन सदरांत मांडलेला असतो : लाभधारकाची लबाडी, लाभधारकाची चूक आणि खुद्द कार्यालयाची चूक. तिन्ही सदरांत पैसा सारखाच जादा गेलेला असतो, परंतु नैतिक दृष्ट्या आणि कायद्याच्या दृष्टीनेही ही तीन सदरे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत.

चूक होणे किती सोपे आहे हे ऑस्ट्रेलियातील एका नियमावरून कळून येते. तेथे लाभधारकाने दर पंधरवड्याला आपली मिळकत कळवावयाची असते. २०२० च्या डिसेंबरपर्यंत नियम असा होता, की हाती आलेला पगार न सांगता त्या पंधरवड्यात केलेल्या कामाची मिळकत सांगावयाची, मग तिचे पैसे पुढे केव्हाही मिळोत. मालकाचा पगाराचा आठवडा मंगळवारी संपे आणि भत्त्याचा पंधरवडा शुक्रवारी संपे, अशी स्थिती असली तर लाभधारकाने कामाचे तास मोजावयाचे, त्यांना दराने गुणावयाचे, रात्रपाळीचा व रविवारचा वाढीव दर ध्यानात घ्यावयाचा आणि करकपातीपूर्वीचा आकडा द्यावयाचा, असे करावे लागे. उपाहारगृहात अनियमित पाळ्या करणाऱ्या मनुष्याचा हा हिशेब काही डॉलरांनी चुकला तर त्यात नवल नव्हते. पुढे नियम बदलून प्रत्यक्ष मिळालेला पगार कळविण्याची पद्धत आली, आणि चुकीचे एक मोठे कारण दूर झाले.

तिकिटांचे पुस्तक

ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारीविरुद्ध सक्तीचा विमा प्रथम आणला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा काही धंद्यांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना तो लागू होता. कामगार आणि मालक यांनी आठवड्याला प्रत्येकी अडीच पेन्स भरावयाचे, त्यात सरकारने भर घालावयाची, आणि बेकार झालेल्यास आठवड्याला सात शिलिंग द्यावयाचे, तेही वर्षातून फार तर पंधरा आठवडे, असे तिचे स्वरूप होते.

या योजनेतच लपविलेल्या कामावरचा एक साधा पहारा अंतर्भूत होता. प्रत्येक कामगाराच्या नावाचे एक पुस्तक असे. काम चालू असताना ते मालकाजवळ राही आणि मालक त्यावर वर्गणीची तिकिटे चिकटवी. काम सुटले की कामगाराने ते रोजगार विनिमय केंद्रात जमा करावयाचे. पुस्तक एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून ज्याचे पुस्तक केंद्रात आहे तो विमा असलेल्या कोणत्याही कारखान्यात रीतसर काम करू शकत नाही. याखेरीज बेकाराला केंद्रात येऊन नोंदवहीत सही करावी लागे. कामाच्या वेळेत जो केंद्रात हजर आहे तो त्या वेळी कामावर नाही, हे उघडच होते.

या पद्धतीत कोणाच्याही घरात डोकवावे लागत नसे, शेजाऱ्याला काही विचारावे लागत नसे, आणि लाभधारकाला आपली माहिती कशी वापरली जाते हे डोळ्यांनी दिसत असे. तिची मर्यादाही तितकीच उघड होती. पुस्तकावाचून, रोख मजुरीवर, संध्याकाळी किंवा रविवारी केलेल्या कामाचा तिला पत्ता लागत नसे. ही मर्यादा पुढील प्रत्येक साधनाला या ना त्या रूपाने चिकटून राहिली.

शेजारी आणि तपासनीस

पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली तशी संशयाची धारही वाढली. १९२१ पासून ब्रिटनमध्ये काही प्रकारच्या भत्त्यांसाठी आपण मनापासून काम शोधत आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकण्यात आली आणि १९२४ मध्ये ही अट व्यापक करण्यात आली. ज्या गावी खाणी व गिरण्या बंद पडल्या होत्या तेथेही माणसाने दारोदार हिंडून नकार गोळा करावेत अशी अपेक्षा असे. ही अट १९३० मध्ये रद्द झाली. परंतु १९३१ मध्ये साधन-चाचणी आली. विम्याचा हक्क संपलेल्या बेकाराला मदत देण्यापूर्वी त्याच्या साऱ्या कुटुंबाची मिळकत तपासली जाऊ लागली. मुलाची मजुरी, मुलीचा पगार, म्हाताऱ्या आईबापांचे निवृत्तिवेतन, सारे हिशेबात धरले जाई. तपासनीस घरी येऊन चौकशी करीत. कुटुंबाला लागू केलेली ही चाचणी १९४१ च्या कायद्याने सोडून देण्यात आली, पण तिची कटू आठवण श्रमिक वस्त्यांतून कित्येक वर्षे टिकून राहिली.

या काळात चहाडीला ऊत आला. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रोड टू विगन पियर’ या पुस्तकात एका बेकाराची हकीकत दिली आहे. शेजारी परगावी गेला असता हा मनुष्य त्याच्या कोंबड्यांना दाणे टाकत होता. कोणी तरी ते पाहिले आणि त्याला कोंबड्यांना चारा घालण्याची नोकरी लागली आहे असे अधिकाऱ्यांना कळविले. तो आरोप खोडून काढताना त्या मनुष्याच्या नाकी नऊ आले. कळविणाऱ्याने पाहिले ते खोटे नव्हते, कारण दाणे खरोखरच टाकले जात होते. चुकला होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

निनावी पत्रे आणि पुढील काळातील दूरध्वनी यांचा उपयोग तपास खाती आजही करतात. काही वेळा त्यांतून खरी लबाडी उघडकीस येते. मनुष्य पहाटे बांधकामाच्या गाडीत बसून जातो, टॅक्सी चालवितो किंवा बाजारात गाळा मांडतो, ही माहिती बहुधा शेजाऱ्यालाच असते. परंतु त्याच पत्रांमागे भांडणे, मत्सर किंवा मोडलेले संसारही असतात. म्हणून अशा माहितीला पुरावा न मानता तपासाचा प्रारंभ मानावे, असा दंडक हळूहळू रूढ झाला. ब्रिटनमध्ये गुप्तपणे पाळत ठेवावयाची असेल तर २००० च्या कायद्यानुसार वरिष्ठांची लेखी संमती लागते, आणि ती पाळत त्या प्रकरणी आवश्यक व प्रमाणशीर आहे असे दाखवून द्यावे लागते. संशयिताचे जाबजबाब गुन्ह्याच्या संदर्भात घ्यावयाचे असल्यास त्याला त्याच्या हक्कांची पूर्वकल्पना द्यावी लागते. जादा रक्कम वसूल करणे ही एक बाब, आणि शिक्षा करणे ही दुसरी. शिक्षेसाठी मनुष्याने जाणूनबुजून किंवा अप्रामाणिकपणे माहिती दडविली हे न्यायालयात निःसंशय सिद्ध व्हावे लागते.

दोन याद्यांची जुळणी

संगणक आल्यावर शोधाची रीतच पालटली. एका यादीत भत्ता घेणाऱ्यांची नावे, दुसऱ्या यादीत करखात्याकडे आलेले पगाराचे आकडे; दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहावयाच्या आणि जेथे मेळ बसत नाही तेथे खूण करावयाची. माणसांनी वर्षभर खपून केले नसते ते काम यंत्र काही तासांत करते. ऑस्ट्रेलियात भत्ता व कर यांच्या याद्या जुळविण्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र कायदाच करण्यात आला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१३ पासून मालकांनी पगार देतेवेळी किंवा त्यापूर्वीच त्याचा तपशील करखात्याला कळवावा असा नियम झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित भत्त्याची मासिक रक्कम या तपशिलावरून ठरू लागली. नोकरदाराला आपला पगार वेगळा कळविण्याची गरजच बहुतेक उरली नाही, आणि विसरभोळेपणामुळे होणाऱ्या चुकांना काही अंशी आळा बसला.

मात्र येथे एक विरोधाभास आहे, आणि तो नीट समजून घ्यावयास हवा. करखात्याच्या यादीत ज्या कामाची नोंद आहे ते काम वस्तुतः लपविलेले नसतेच. मालकाने ते राज्याच्या एका खात्याला आधीच सांगितलेले असते. जो मनुष्य खरोखर लपवू पाहतो तो रोख मजुरी घेतो, मालकही त्याची नोंद करीत नाही, आणि असे काम दोन्ही याद्यांत दिसत नाही. त्यामुळे यंत्राच्या जाळ्यात प्रामुख्याने उघड काम करणारेच सापडतात. आकडे कळविताना चुकलेले, उशिरा कळविणारे आणि नियम न समजलेले लोक त्यांत पुष्कळ असतात.

आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकू शकतो. ब्रिटनमध्ये ज्यांचा पगार महिनाअखेरीस होई अशा काहींच्या बाबतीत, सुटीमुळे पगार एक-दोन दिवस आधी दिला गेला, की हिशेबाच्या एकाच महिन्यात दोन पगार पडत. यंत्राच्या लेखी त्या महिन्यात मिळकत दुप्पट झाली, आणि भत्ता घसरला. चार एकट्या मातांनी याविरुद्ध दाद मागितली. नियमांत अशा प्रसंगासाठी तरतूद न ठेवणे हे तर्कसंगत नाही, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला.

सव्विसाने भागाकार

याद्या जुळविण्याच्या या पद्धतीचा सर्वांत मोठा अपघात ऑस्ट्रेलियात घडला. ‘रोबोडेट’ या टोपणनावाने तो जगभर ओळखला जातो.

तेथील भत्ता पंधरवड्याच्या मिळकतीवर ठरतो, तर करखात्याकडे येणारा आकडा पुष्कळदा साऱ्या वर्षाचा असतो. पूर्वी दोहोंत तफावत आढळली की कर्मचारी ते प्रकरण हाती घेत, मालकाकडे विचारणा करीत आणि कोणत्या पंधरवड्यात किती मिळकत झाली ते शोधीत. २०१५ मध्ये प्रायोगिक रूपाने आणि २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर या चौकशीची जागा एका भागाकाराने घेतली. वर्षाच्या मिळकतीला सव्विसाने भागावयाचे आणि आलेली रक्कम प्रत्येक पंधरवड्याची मिळकत मानावयाची. लाभधारकाने वेळेत दुसरा पुरावा दिला नाही, तर त्या सरासरीच्या आधारे त्याच्यावर कर्ज ठरविले जाई.

यातील चूक एका साध्या उदाहरणाने कळेल. एक तरुण वर्षातील पहिले तेरा पंधरवडे पूर्ण बेकार होता. त्याने भत्ता घेतला आणि मिळकत शून्य असे प्रामाणिकपणे कळविले. नंतर त्याला नोकरी लागली. त्याने भत्ता सोडला आणि उरलेले तेरा पंधरवडे प्रत्येकी दोन हजार डॉलर मिळविले. वर्षाची मिळकत सव्वीस हजार झाली. तिला सव्विसाने भागले की प्रत्येक पंधरवड्यास एक हजार येतात. आता यंत्राच्या दृष्टीने हा तरुण बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यात एक हजार डॉलर मिळवीत होता आणि शून्य कळवीत होता. त्याने काहीही लपविलेले नसताना लपविलेले काम कागदावर निर्माण झाले. ज्यांची मिळकत वर्षभर समान असते त्यांच्याच बाबतीत सरासरी खरी ठरते. परंतु भत्ता घेणाऱ्यांमध्ये हंगामी मजूर, पाळ्यांवर काम करणारे आणि विद्यार्थी यांचा भरणा असतो. त्यांची मिळकत समान नसते, म्हणूनच तर त्यांना मधूनमधून भत्ता लागतो.

दुसरा बदल याहून गंभीर होता. पुराव्याचे ओझे उलटे करण्यात आले. आपण कर्जदार नाही हे लाभधारकाने दाखवावयाचे आणि त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीची पगारपत्रके शोधून काढावयाची. कोणाचा मालक धंदा बंद करून गेला होता, कोणाचे बँकेतील खाते बंद झाले होते, कोणाला पाठविलेले पत्र जुन्या पत्त्यावर गेले होते. उत्तर आले नाही की कर्ज पक्के होई. काही प्रकरणांत त्यावर दहा टक्के वसुली आकारही लागे, आणि खाजगी वसुली संस्था तगादा लावीत. १९२० च्या दशकात ब्रिटनमधील बेकाराला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागे. तीच स्थिती जवळजवळ शंभर वर्षांनी यंत्राच्या द्वारे परत आली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये संघीय न्यायालयात चाललेल्या एका प्रकरणात, केवळ सरासरीवर आधारलेले कर्ज कायद्याला धरून नव्हते हे सरकारला मान्य करावे लागले. मे २०२० मध्ये पैसे परत करण्याची घोषणा झाली. जून २०२१ मध्ये सामुदायिक दाव्यातील तडजोडीला न्यायालयाने संमती दिली. त्या वेळी नमूद करण्यात आले, की सुमारे ४,३३,००० व्यक्तींवर एकूण १७३ कोटी डॉलरच्या आसपास बेकायदा कर्जे लादण्यात आली होती. पुढे कॅथरीन होम्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने जुलै २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. ही यंत्रणा ओबडधोबड व क्रूर होती, ती न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा आयोगाचा अभिप्राय आहे. अशी सरासरी कायद्यात बसत नाही, असा सल्ला खात्यातीलच विधिज्ञांनी २०१४ मध्ये दिला होता, हेही आयोगापुढे उघड झाले. आपल्या मुलांच्या आत्महत्येचा संबंध या तगाद्याशी आहे, अशी साक्ष काही मातांनी आयोगापुढे दिली. हिशेबातील एका भागाकाराची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यावरून समजते.

आधीच आखलेला संशय

याद्यांची जुळणी घडून गेलेल्या व्यवहारातील विसंगती शोधते. यापुढची पायरी म्हणजे विसंगती दिसण्यापूर्वीच संशयित कोण याचे भाकीत करणे. नेदरलँड्समध्ये ‘सिरी’ नावाची अशी एक व्यवस्था २०१४ च्या कायद्याने उभी राहिली होती. नोकरी, कर, घर, भत्ते, कर्ज अशा अनेक नोंदी एकत्र करून कोणाच्या बाबतीत लबाडीचा संभव अधिक आहे हे ती ठरवी, आणि तिचा वापर मुख्यतः गरीब वस्त्यांतच झाला होता. संशय कोणत्या निकषांवर घेतला जातो हे मात्र त्या वस्त्यांतील रहिवाशांना कळण्याचा मार्ग नव्हता. हेग येथील न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये या व्यवस्थेचा कायदेशीर आधार अमान्य केला. लबाडी रोखण्याचा हेतू न्यायालयाने रास्तच मानला, परंतु खाजगी जीवनाच्या हक्काशी त्याचा समतोल राखला गेला नाही आणि व्यवस्था तपासून पाहण्याइतकी खुली नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता.

न्याय्य शोधाची लक्षणे

या सर्व अनुभवांवरून शोधच घेऊ नये असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कामगाराला नोंदीवाचून राबविणारा मालक विम्याची वर्गणी व कर दोन्ही बुडवितो आणि कामगाराला अपघाताच्या व आजाराच्या संरक्षणापासूनही वंचित करतो. लपविलेल्या कामाचा तपास म्हणून भत्ता घेणाऱ्याच्या दारापाशी न थांबता मालकाच्या हजेरीपटापर्यंत जावयास हवा. रोख मजुरीचा माग यंत्रापेक्षा कामाच्या जागी दिलेल्या प्रत्यक्ष भेटीतच अधिक लागतो.

शोध न्याय्य व्हावा यासाठी काही गोष्टी आवश्यक दिसतात. ज्या मुदतीचा भत्ता, त्याच मुदतीचा पुरावा हवा. वर्षाच्या आकड्यावरून पंधरवड्याचा निवाडा करता येत नाही. ज्या मालकाने करखात्याला आकडा दिला त्याला विचारणे राज्याला सोपे आणि गरीब माणसाला कठीण असते, म्हणून प्रथम राज्याने विचारावे. पत्रात आरोप कशावरून केला आहे ते समजेल अशा भाषेत सांगावे, उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा, आणि रक्कम वसूल होण्यापूर्वी एखाद्या जबाबदार कर्मचाऱ्याने प्रकरण स्वतः वाचावे. मिळकत कळविणे जितके सोपे आणि थोड्याशा कामानंतरही हाती काही उरणे जितके निश्चित, तितके लपविण्याचे कारणच कमी होते. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये ठरावीक मर्यादेनंतर मिळविलेल्या पौंडामागे प्रारंभी ६५ पेन्स, २०१७ पासून ६३ आणि २०२१ च्या अखेरीपासून ५५ पेन्स इतकी कपात ठरविण्यात आली. पौंडामागे पौंड कापण्याच्या जुन्या रीतीपेक्षा हा मार्ग प्रामाणिकपणाला अधिक अनुकूल आहे.

विमा पुस्तकापासून संगणकापर्यंत साधने पुष्कळ बदलली; ती आणखीही बदलतील. दोन नोंदींत मेळ का बसत नाही, हा प्रश्न प्रत्येक साधन उपस्थित करील. त्याचे उत्तर मात्र त्या विशिष्ट माणसाच्या त्या विशिष्ट आठवड्यातच शोधावे लागते. ते शोधण्याचे कष्ट टाळून विसंगतीलाच उत्तर मानले, तर राज्याच्या तिजोरीचे रक्षण तर होत नाहीच, शिवाय जिच्यावर सारी सामाजिक सुरक्षा उभी आहे ती परस्परविश्वासाची पुंजी खर्ची पडते.